शंभर वॉटचं व्हॉल्व्ह हेड स्टेजवर: लोड, वीज, बायस आणि ऐन कार्यक्रमातले बिघाड

हा लेख चार पॉवर व्हॉल्व्हच्या (स्पीकरला ताकद देणाऱ्या काचेच्या नळ्या) मोठ्या गिटार अँपबद्दल आहे. स्पीकर नसलेल्या, वेगळ्या कॅबिनेटला जोडायच्या अँपला हेड म्हणतात. मार्शलचं १९५९ सुपर लीड (हा मॉडेलचा क्रमांक, साल नव्हे, मार्शलचं पहिलं शंभर वॉटचं हेड १९६५चं), त्याच घराण्यातलं मास्टर व्हॉल्यूमवालं २२०३, हायवॉटचं डीआर१०३, फेंडरचं ८५ वॉटचं ट्विन रिव्हर्ब. उदाहरणं बहुतेक मार्शलची घेतली आहेत, कारण चार ईएल३४ (पॉवर व्हॉल्व्ह) आणि तीन ईसीसी८३ (सिग्नल वाढवून पॉवर व्हॉल्व्हपर्यंत नेणारे प्रीअँपचे छोटे व्हॉल्व्ह) ही मांडणी पुढे असंख्य कंपन्यांनी उचलली. एक हेड नीट कळलं की बाकीच्यांत फरक शोधायचा, एवढंच उरतं.

आधी एक गैरसमज काढू. १०० वॉट हे ५० वॉटच्या दुप्पट मोठं ऐकू येत नाही; फरक फक्त ३ डेसिबलचा असतो. पैसे आणि पाठदुखी मोजून मिळतं ते वेगळं: मोठे ट्रान्सफॉर्मर, ड्रमरने जोर लावला तरी न फाटणारा स्वच्छ आवाज आणि खालच्या तारांवर घट्ट राहणारा बास. छोट्या क्लबमध्ये क्रंच (किंचित फाटका आवाज) हवा असेल तर हे हेड घरीच ठेवा. मोकळं मैदान, दोन गिटार, जोरकस ड्रमर आणि पेडलबोर्डवर सगळं अवलंबून असलेला आवाज, तिथे त्याला तोड नाही.

अशी हेडं जळतात तेव्हा कारण बहुधा तीनपैकी एक असतं: कॅबिनेटचा चुकीचा किंवा तुटलेला लोड (जोडलेल्या स्पीकरांचा एकूण ओहम आकडा), साइटवरची खराब वीज, नाहीतर बिघडलेला बायस (पॉवर व्हॉल्व्हचा निवांत अवस्थेतला करंट ठरवणारं ऋण व्होल्टेज). त्याच क्रमाने पाहू.

कॅबिनेट आणि लोड

व्हॉल्व्ह अँपचा आउटपुट ट्रान्सफॉर्मर ठरावीक लोडसाठी गुंडाळलेला असतो. मागच्या सिलेक्टरवर ४, ८, १६ ओहम लिहिलेलं असतं. तो आकडा आणि जोडलेल्या कॅबिनेटांचा एकूण आकडा एकच हवा. हेडवरचे दोन स्पीकर जॅक समांतर असतात, म्हणून:

१६ ओहमचं एक कॅबिनेट: सिलेक्टर १६ वर.
१६ ओहमची दोन: सिलेक्टर ८ वर.
८ ओहमची दोन: सिलेक्टर ४ वर.
१६चं एक आणि ८चं एक: लोड ५.३ ओहम. यातून सुटका नाही, आवाजही दोघांत समान वाटला जात नाही. शक्यतो ही जोडी लावूच नका.

मार्शलच्या १९६० जातीच्या कॅबिनेटांवर मोनो ४, मोनो १६ आणि स्टिरिओ ८ असे पर्याय असतात. भाड्याच्या बॅकलाइनमध्ये (स्टेजवरचे अँप आणि कॅबिनेट) कोणीतरी स्टिरिओवर ठेवून गेलेलं असतं, आणि मग दोनच स्पीकर वाजतात. छापलेल्या आकड्यावर विसंबू नका. स्पीकर केबल कॅबिनेटला लावा, दुसरं टोक हेडमध्ये न घालता मल्टिमीटरवर ओहममध्ये मोजा. १६ ओहमचं कॅबिनेट साधारण १२ ते १४ दाखवतं, ८चं ६ ते ७, ४चं ३ ते ३.५. मीटरचा आकडा लिहिलेल्या आकड्यापेक्षा कमी येणं स्वाभाविक आहे, कारण मीटर फक्त डीसी रेझिस्टन्स मोजतो. काहीच दाखवत नसेल तर केबल किंवा एखादा स्पीकर तुटलेला. मोजताना केबल दोन्ही टोकांना हलवून पाहा. आकडा नाचला तर ती केबल बाजूला फेका. अर्ध्या मिनिटाचं काम आहे, आणि आउटपुट ट्रान्सफॉर्मर पुन्हा गुंडाळून घेण्याचा खर्च यावर टळतो.

केबल स्पीकरचीच हवी: दोन जाड तारा, प्रत्येकी निदान १.५ चौरस मिलिमीटर तांबं. गिटारची केबल दिसायला तशीच, पण तिच्यातली मधली तार केसासारखी बारीक असते. जोरात वाजवताना ती तापते, तुटते, आणि हेड लोडशिवाय उघडं पडतं. लोड नसताना वाजवलं की ट्रान्सफॉर्मरच्या प्रायमरीवर प्रचंड व्होल्टेज उसळतं, व्हॉल्व्हच्या सॉकेटवर ठिणग्या पडतात, बेकलाइट काळं होतं आणि वाइंडिंगचं इन्सुलेशन फुटतं. शॉर्ट झालेला लोड काही सेकंद सहन होतो, तुटलेला होत नाही. म्हणूनच फेंडरच्या मुख्य स्पीकर जॅकमध्ये प्लग काढला की जॅक आपोआप शॉर्ट होण्याची सोय असते. मार्शल पद्धतीच्या हेडमध्ये तशी सोय आहे असं गृहीत धरू नका.

सिलेक्टर एक पायरी चुकला तर एका गाण्यात अँप मरत नाही. पण जाणूनबुजून तसं वाजवू नका, आणि हेड चालू असताना सिलेक्टर अजिबात फिरवू नका. दोन खुणांच्या मध्ये क्षणभर लोड तुटतो.

स्पीकरची ताकदही पाहा. १०० वॉट हे स्वच्छ आवाजाचं रेटिंग. नॉब पुरता फिरवला की लहर चौकोनी होते आणि तेच हेड १५० वॉटच्या आसपास देऊ शकतं. सेलेस्टियन ग्रीनबॅक प्रत्येकी २५ वॉटचा, म्हणजे चार मिळून १००. असं एकच कॅबिनेट पुरत्या उघडलेल्या सुपर लीडखाली ठेवणं जोखमीचं, दोन लावा. व्हिंटेज ३० प्रत्येकी ६० वॉटचा आणि जी१२टी-७५ प्रत्येकी ७५ वॉटचा, तिथे एक कॅबिनेट निवांत पुरतं.

साइटवरची वीज

आपल्याकडे २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ. जनरेटरवर चालणाऱ्या कार्यक्रमात मात्र १९० पासून २६० पर्यंत काहीही मिळू शकतं. व्हॉल्व्हच्या हीटरला ६.३ व्होल्ट लागतात आणि ते मेन्सच्या प्रमाणात वर-खाली होतात: मेन्स १० टक्के चढून २५३ झाली तर हीटर ६.९ वर जातो, एचटी, म्हणजे व्हॉल्व्हच्या प्लेटला (धन टोकाला) मिळणारं उच्च डीसी व्होल्टेज, आणि प्लेटचा करंटही वाढतो. मेन्स उतरली तर आवाज मऊ आणि दबका होतो. काही जणांना तो आवडतोही. पण हीटर दीर्घकाळ थंड राहिले तर कॅथोड (हीटरने तापणारा, इलेक्ट्रॉन सोडणारा भाग) खराब होतो.

हेड लावण्याआधी सॉकेटवर तीन मोजमापं घ्या, मीटर एसी ७५० व्होल्टवर ठेवून:

फेज आणि न्यूट्रल: २१५ ते २४५ असेल तर बिनधास्त लावा. २०७च्या खाली किंवा २५३च्या वर असेल तर लावू नका.
फेज आणि अर्थ: जवळपास तोच आकडा यायला हवा. शून्य किंवा भलताच आकडा आला तर अर्थिंग नाही.
न्यूट्रल आणि अर्थ: दोन-तीन व्होल्टपर्यंत चालतं. दहाच्या वर गेलं तर इलेक्ट्रिशियनला बोलवा.

सगळ्यात घातक प्रकार थ्री-फेज जनरेटरचा न्यूट्रल सैल होणं. मग एका फेजवर लोड जास्त आणि दुसऱ्यावर कमी असला की कमी लोडच्या फेजवर व्होल्टेज ४००च्या दिशेने चढतं. साउंड चेकला २३० दिसलं आणि लाइट पेटल्यावर २७० झालं, तर हेच घडतंय असं समजा. म्हणून हे मोजमाप स्टेजचे लाइट पूर्ण चालू असताना घ्या, रिकाम्या मांडवात नव्हे. बॅकलाइनला लाइट आणि डिमरपेक्षा वेगळा फेज मागून घ्या. डिमरचा करकर आवाज सिंगल कॉइल पिकअपमध्ये हमखास येतो. एका हेडला १ केव्हीएचा सर्व्हो स्टॅबिलायझर पुरून उरतो.

अर्थिंग हा जिवाचा प्रश्न आहे. गिटारच्या तारा अँपच्या चॅसीशी (धातूच्या सांगाड्याशी) जोडलेल्या असतात आणि माइकची जाळी पीएच्या, म्हणजे प्रेक्षकांसाठीच्या मुख्य साउंड सिस्टीमच्या, चॅसीशी. दोघांचा अर्थ वेगळा असला तर ओठ माइकला लागले की शरीरातून करंट जातो. माइकशी तोंड नेण्याआधी तारा आणि माइकची जाळी यांच्यात एसी व्होल्ट मोजा. एखाद-दोन व्होल्टपेक्षा जास्त आलं तर गाऊ नका. पीए आणि बॅकलाइन एकाच डिस्ट्रिब्युशन बोर्डवर घ्या आणि तिथे ३० मिलिअँपिअरचं आरसीसीबी (अर्थकडे गळती झाली की वीज तोडणारा स्विच) आहे का विचारा. घूं आवाज घालवायला प्लगची अर्थची पिन काढून टाकणारे महाभाग अजून भेटतात. घूं ग्राउंड लूपमुळे (दोन वाटांनी अर्थ झाल्याने) येत असेल तर सिग्नलच्या केबलमध्ये आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर घाला. मेन्सच्या अर्थला हात लावू नका.

अमेरिकेतून आणलेलं हेड १२० व्होल्टचं असेल तर किमान ५०० व्हीएचा स्टेपडाउन लागतो, आणि त्यातून तिसरी पिन, म्हणजे अर्थ, आरपार गेलेली हवी. बाजारातल्या स्वस्त स्टेपडाउनना दोनच भोकांचं सॉकेट असतं; अर्थ तिथेच संपतो. हेडच्या पाटीवर फक्त ६० हर्ट्झ लिहिलं असेल तर ५० हर्ट्झवर ट्रान्सफॉर्मर जास्त तापेल, हे लक्षात ठेवून हवा खेळती ठेवा. जुन्या मार्शलवर मागे व्होल्टेज सिलेक्टर असतो. परदेश दौऱ्यावरून परत आलेल्या हेडचा सिलेक्टर आधी पाहा, मग प्लग लावा. ११०वर राहिलेल्या हेडला २३० दिले की काय होतं ते वासावरून कळतं.

चालू आणि बंद

लोड जोडलेला आहे ना, ते हाताने चाचपून पाहा. स्टँडबायवर (हीटर चालू, एचटी बंद) ठेवून पॉवर चालू करा, एक-दोन मिनिटांनी स्टँडबाय उघडा. मध्यंतराच्या पंधरा मिनिटांसाठी स्टँडबाय ठीक. तासन् तास तसंच ठेवणं व्हॉल्व्हच्या कॅथोडला मानवत नाही, त्यापेक्षा सरळ बंद करा. शेवटी बंद करून निदान दहा-पंधरा मिनिटं थंड होऊ द्या, मग गाडीत चढवा. तापलेला हीटर धक्क्याला फार नाजूक असतो.

पावसाळ्यात, विशेषतः मुंबई, कोकण आणि गोव्यात, एसी गाडीतून काढलेल्या थंड हेडवर दमट हवेचं पाणी धरतं. ते वाळेपर्यंत अर्धा-एक तास चालू करू नका. या किनारपट्टीवर जॅक आणि सॉकेट लवकर गंजतात. दर काही महिन्यांनी काँटॅक्ट क्लीनर मारून प्लग आठ-दहा वेळा आत-बाहेर करा.

पॉवर व्हॉल्व्ह बदलणं आणि बायस लावणं

नियमित वाजवणाऱ्याला पॉवर व्हॉल्व्ह साधारण वर्ष-दीड वर्षात बदलावे लागतात. बास सैल झाला, आवाजातला ठोसा गेला, नॉब रोज थोडा वर न्यावा लागतो, ही लक्षणं. ईसीसी८३ मात्र वर्षानुवर्षं चालतात. आवाज बरा असेल तर त्यांना छेडू नका.

चार ईएल३४ एकाच वेळी बदला आणि ‘मॅच्ड क्वाड’ घ्या, म्हणजे ठरलेल्या व्होल्टेजवर चौघांचा करंट जवळपास सारखा असलेले. आज नवे ईएल३४ प्रामुख्याने स्लोव्हाकिया (जेजे), रशिया आणि चीनमध्ये बनतात. बंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने एके काळी ईसीसी८३ बनवले. जुन्या रेडिओवाल्यांकडे कधीमधी सापडतात आणि प्रीअँपमध्ये चांगले वाजतात, पण मोजल्याशिवाय विकत घेऊ नका.

ईएल३४च्या जागी ६एल६ किंवा उलट, असं ‘फिट बसतंय’ म्हणून करू नका. ईएल३४चा हीटर १.५ अँपिअर घेतो, ६एल६जीसीचा ०.९. चार ६एल६च्या जागी चार ईएल३४ लावले की हीटर वाइंडिंगवर २.४ अँपिअर जास्तीचा भार पडतो. शिवाय ईएल३४ला पिन १ कॅथोडशी (पिन ८) जोडलेली लागते. फेंडरमध्ये ती नसते.

आता धोक्याची गोष्ट. आत ४५० ते ५०० व्होल्ट डीसी असतात आणि प्लग काढल्यावरही ते कपॅसिटरमध्ये राहतात. हे व्होल्टेज जीव घेऊ शकतं. ज्यांनी कधी हाय व्होल्टेज सर्किट मोजलेलं नाही, त्यांनी पुढचा भाग वाचावा पण काम तंत्रज्ञाकडून करून घ्यावं. निदान तो काय करतोय आणि किती पैसे घेतोय हे कळेल.

लागणारं सामान: १००० व्होल्ट डीसीचा मल्टिमीटर आणि चांगल्या इन्सुलेशनच्या तारा, मगर क्लिप, १० किलोओहम १० वॉटचा रेझिस्टर (दोन्ही टोकांना इन्सुलेटेड तारा लावून), इन्सुलेटेड स्क्रूड्रायव्हर आणि १ ओहम १ टक्क्याचे चार रेझिस्टर. हे सगळं मुंबईत लॅमिंग्टन रोडवर एका फेरीत मिळतं.

१. हेड वाजत असतानाच, स्टँडबाय ‘प्ले’वर ठेवून पॉवर बंद करा. गरम व्हॉल्व्ह कपॅसिटरमधला चार्ज स्वतःच खेचून घेतात. स्टँडबायवर आणून बंद केलं तर स्विचच्या एका बाजूच्या कपॅसिटरमध्ये चार्ज अडकून राहतो. आता प्लग भिंतीतून काढा.

२. थंड झाल्यावर चॅसी काढा. काळी तार मगर क्लिपने चॅसीला लावा, एक हात पाठीमागे ठेवा, आणि मुख्य फिल्टर कपॅसिटरच्या धन टोकावर डीसी मोजा. १० व्होल्टच्या वर असेल तर १० किलोओहमचा रेझिस्टर धन टोक आणि चॅसीमध्ये दहा-पंधरा सेकंद धरा, पुन्हा मोजा. स्क्रूड्रायव्हरने थेट शॉर्ट करू नका. ठिणगीने कपॅसिटरचं टोक आणि तुमचे डोळे दोन्ही धोक्यात.

३. चारही सॉकेटवर पिन ८ चॅसीला थेट जोडलेली असेल तर ती तार सोडवून मध्ये १ ओहमचा रेझिस्टर घाला. पिन ८ला जोडलेली पिन १ तशीच राहू द्या. आता कॅथोडवर जितके मिलिव्होल्ट, तितके मिलिअँपिअर. ऑक्टल सॉकेटच्या पिना खालून पाहताना खाचेपासून घड्याळाच्या दिशेने १ ते ८ मोजतात: २ आणि ७ हीटर, ३ प्लेट, ४ स्क्रीन, ५ ग्रिड (बायस इथे येतो), ८ कॅथोड. काही हेडांत मागे तयार चाचणी पिना असतात; त्या एका व्हॉल्व्हचा आकडा देतात की जोडीचा, ते मॅन्युअलमध्ये आधी पाहा. जोडीचा आकडा एकाचा समजला तर बायस निम्म्यावर येतो, आणि मग आवाज कोरडा का हे कळत नाही.

४. ही पायरी बहुतेक जण गाळतात आणि नवे व्हॉल्व्ह जाळतात. जुने पॉवर व्हॉल्व्ह काढून ठेवा, नवे लावू नका. लोड जोडा, हेड चालू करा आणि चारही सॉकेटची पिन ५ मोजा. चारही ठिकाणी सारखाच ऋण आकडा हवा, साधारण -३५ ते -५०. एखाद्या सॉकेटवर काहीच नसेल तर तिथे व्हॉल्व्ह लावताच तो लाल होईल. सॉकेटवरचा सोल्डरचा टाका किंवा ५.६ किलोओहमचा ग्रिड रेझिस्टर तपासा. आता स्टँडबाय उघडून पुन्हा मोजा. एचटी आल्यावर दोन सॉकेटवरचा आकडा शून्याकडे सरकला, म्हणजे समजा -४२चा -३० झाला, तर त्या बाजूचा ०.०२२ मायक्रोफॅरडचा कपलिंग कपॅसिटर डीसी गळतोय. तो बदलेपर्यंत पुढे जाऊ नका.

५. बायसचा ट्रिमर सगळ्यात जास्त ऋण आकड्याकडे फिरवा, म्हणजे सर्वांत थंड बायस. बंद करा, डिस्चार्ज करा, नवे व्हॉल्व्ह लावा. काच धरून सरळ खाली दाबा, हलवत-फिरवत नको.

६. आवाजाचे सगळे नॉब शून्यावर ठेवून चालू करा. दोन मिनिटांनी स्टँडबाय उघडा. पिन ३ वरचं व्होल्टेज लिहून घ्या. समजा ४७० आलं.

७. हिशोब: ईएल३४ची प्लेट जास्तीत जास्त २५ वॉट सोसते. निवांत अवस्थेत त्याच्या ६५ ते ७० टक्के ठेवायचं. २५ चे ६५ टक्के १६.२५ वॉट, भागिले ४७० म्हणजे सुमारे ३५ मिलिअँपिअर. ७० टक्क्यांना ३७. मीटर दाखवतो तो कॅथोडचा करंट, त्यात स्क्रीनचे चार-पाच मिलिअँपिअरही असतात. म्हणून मीटरवर ३५ ते ४० मिलिव्होल्ट दिसले की थांबा.

८. ट्रिमर थोडा-थोडा फिरवा. करंट वाढला की प्लेट व्होल्टेज उतरतं, त्यामुळे दोन्ही पुन्हा मोजा आणि हिशोब पुन्हा करा. चार व्हॉल्व्हमध्ये तीन-चार मिलिअँपिअरचा फरक चालतो. सगळ्यात गरम व्हॉल्व्हवरून बायस ठरवा, सरासरीवरून नको.

९. खोलीतला दिवा बंद करून पाच मिनिटं प्लेटकडे पाहा. हीटर नारिंगी दिसतो तो बरोबर. राखाडी प्लेटवर लाल डाग उमटला तर ताबडतोब स्टँडबाय. काचेच्या आतल्या बाजूला निळसर झाक दिसली तर घाबरू नका, ती निरुपद्रवी असते. इलेक्ट्रोडच्या मधोमध जांभळट धुकं दिसलं तर मात्र आत वायू आहे. वरचा चंदेरी थर पांढरा पडला असेल तर काच तडकून हवा शिरली. तो व्हॉल्व्ह संपला.

१०. वीस मिनिटं वाजवा, पुन्हा मोजा. नवे व्हॉल्व्ह पहिल्या तासात थोडे सरकतात.

स्टेजवाल्यांसाठी आमचा कल ६५ टक्क्यांकडे आहे. ७० वर ठेवल्याने जो जादाचा गोडवा येतो तो पीए आणि ड्रमच्या गदारोळात कोणाला ऐकू येत नाही, आणि जनरेटरने १० टक्के व्होल्टेज चढवलं की ७०चे ८०च्या पुढे जातात.

ऐन कार्यक्रमात काय करायचं

एचटी फ्यूज उडाला. दिवा जळतोय, व्हॉल्व्हचे हीटर चालू, आवाज नाही. बहुधा एका पॉवर व्हॉल्व्हने आत शॉर्ट दिलेला असतो. बंद करा आणि डाग पडलेला किंवा काळवंडलेला व्हॉल्व्ह शोधा. मार्शलमध्ये डावीकडचे दोन आउटपुट ट्रान्सफॉर्मरच्या एका बाजूला आणि उजवीकडचे दोन दुसऱ्या बाजूला असतात. म्हणून खराब व्हॉल्व्हबरोबर विरुद्ध बाजूचा एक काढा: बाहेरचा गेला तर दोन्ही बाहेरचे, आतला गेला तर दोन्ही आतले. एकाच बाजूचे दोन कधीच काढू नका. आता दोन व्हॉल्व्हवर ट्रान्सफॉर्मरला दुप्पट लोड हवा, म्हणून सिलेक्टर एक पायरी खाली आणा: १६ ओहमचं कॅबिनेट असेल तर सिलेक्टर ८ वर. ८ ओहमची दोन कॅबिनेट असतील आणि सिलेक्टर ४ वर असेल तर सिलेक्टर तसाच ठेवून एक कॅबिनेट काढा. त्याच रेटिंगचा नवा फ्यूज घाला (१९५९ धर्तीच्या हेडमध्ये बहुधा १ अँपिअर, पण मागच्या पॅनेलवरचा आकडाच अंतिम) आणि ५० वॉटवर कार्यक्रम पुरा करा. आवाज ३ डेसिबलने उतरतो, प्रेक्षकांना पत्ताही लागत नाही. हे सगळं सरावाने तीन मिनिटांत होतं. काच तापलेली असते, जाड फडकं जवळ ठेवा.

नवा फ्यूजही लगेच उडाला तर थांबा. सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळून फ्यूज ‘बनवण्याची’ युक्ती इथे ट्रान्सफॉर्मर जाळते.

मेन्सचा फ्यूज पॉवर चालू करताच उडतो, स्टँडबायवर असतानाच: पॉवर व्हॉल्व्हचा दोष कमी संभवतो. रेक्टिफायर डायोड किंवा ट्रान्सफॉर्मर शॉर्ट आहे. स्टेजवर दुरुस्त होणारी गोष्ट नाही, राखीव अँप काढा.

एक व्हॉल्व्ह लाल होतोय: बंद करून त्याची शेजारच्याशी अदलाबदल करा. लाली व्हॉल्व्हबरोबर गेली तर व्हॉल्व्ह खराब. जागेवरच राहिली तर सॉकेट, ग्रिड रेझिस्टर किंवा त्या बाजूचा बायस. एका बाजूचे दोन्ही लाल असतील तर पायरी ४ मधला कपलिंग कपॅसिटर. चारही लाल असतील तर बायसचा पुरवठाच गेला.

शिट्टी किंवा टण् असा आवाज: पेन्सिलच्या लाकडी टोकाने प्रीअँपच्या व्हॉल्व्हवर हलकेच टिचकी मारा. इनपुटजवळचा पहिला ईसीसी८३ बहुतेक वेळा दोषी. ठाकठीक राखीव नसेल तर पहिला आणि फेज इन्व्हर्टरमधला (पॉवर व्हॉल्व्हच्या आधीचा, शेवटचा) अदलाबदल करा. तिथे गेन कमी असल्याने तोच व्हॉल्व्ह निमूट वाजतो.

घूं आवाज: नॉब शून्यावर आणूनही राहतो आणि जाड, खरखरीत १०० हर्ट्झचा असतो तेव्हा फिल्टर कपॅसिटर थकलेत किंवा पॉवर व्हॉल्व्ह मॅच नाहीत. गुळगुळीत ५० हर्ट्झचा, नॉबबरोबर वाढणारा असेल तर ग्राउंड लूप, पिकअप किंवा हीटरची वायरिंग. वीस वर्षं जुने इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर आवाज करोत न करोत, बदलून टाका.

आवाज मध्येच उतरतो, जोराने तार छेडली की परत येतो: इफेक्ट लूपचा रिटर्न जॅक गंजलाय. एक छोटी पॅच केबल सेंडमधून रिटर्नमध्ये लावा. जॅक साफ करणं घरी गेल्यावर.

स्टेजवरची पातळी

व्हिंटेज ३० स्पीकर १ वॉटला १ मीटरवर १०० डेसिबल देतो. १०० वॉटला ते १२० होतात. अमेरिकेच्या एनआयओएसएच (कामाच्या जागची सुरक्षा आणि आरोग्य पाहणाऱ्या) संस्थेची शिफारस ८५ डेसिबलला आठ तास, त्यापुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मी. म्हणजे १०० डेसिबलला पंधरा मिनिटं. कानात संगीतकारांसाठीचे फिल्टरवाले प्लग घाला. कॅबिनेट गुडघ्यांच्या पातळीवर असताना वाजवणाऱ्याला ट्रेबल ऐकू येत नाही, तो नॉब वाढवतो, आणि पहिल्या रांगेचे कान बधिर होतात. कॅबिनेट मागे कलंडवा किंवा केसवर उंच ठेवा, आणि तोंड प्रेक्षकांऐवजी स्टेजच्या आडवं करा. माइक एसएम५७ धर्तीचा, जाळीपासून दोन-चार सेंटिमीटर, मधल्या टोपीच्या कडेवर. मधोमध धरला तर आवाज टोचतो.

मास्टर व्हॉल्यूम नसलेलं सुपर लीड नॉब ४ च्या पुढे फाटायला लागतं. तोच फाटका आवाज कमी पातळीवर हवा असेल तर अ‍ॅटेन्युएटर: किमान १५० वॉटचा, हेडच्या सिलेक्टरशी जुळणाऱ्या ओहमचा, आणि शक्यतो रिअ‍ॅक्टिव्ह, म्हणजे खऱ्या स्पीकरसारखा वागणारा, कारण निव्वळ रेझिस्टरच्या लोडवर बास आणि ट्रेबल दोन्ही दबतात. ३ ते ८ डेसिबल कापेपर्यंत आवाज खरा राहतो. त्याहून जास्त कापायची वेळ आली तर लहान अँप आणा. आणि अ‍ॅटेन्युएटर कितीही कापत असला तरी व्हॉल्व्ह पूर्ण जोरातच राबत असतात, हे बदलीच्या हिशोबात धरा.

महाराष्ट्रात मोकळ्या मैदानावर वाजवत असाल तर २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिवर्धकावर बंदी आहे. वर्षात मोजक्याच दिवसांना मध्यरात्रीपर्यंत सवलत मिळते. आयोजकाकडे परवानगी किती वाजेपर्यंतची आहे ते विचारा आणि मोठा सोलो त्याआधीच्या गाण्यात ठेवा.

पिशवीत काय असावं

मॅच्ड ईएल३४चा एक संच (निदान एक जोडी), दोन ईसीसी८३, त्यातला एक शांत म्हणून आधीच तपासून खूण केलेला. मेन्स आणि एचटी दोन्ही फ्यूज प्रत्येकी पाच, टी की एफ हे पाहून. टी म्हणजे सावकाश उडणारा, त्याऐवजी एफ घातला तर चालू करतानाच्या झटक्याला विनाकारण उडतो. दोन स्पीकर केबल, एक मेन्स केबल, छोटी पॅच केबल, मल्टिमीटर, टॉर्च, जाड फडकं, काँटॅक्ट क्लीनर. चार इनपुटचं १९५९ असेल तर दोन चॅनेल जोडायला आणखी एक छोटी पॅच केबल: गिटार पहिल्या चॅनेलच्या वरच्या इनपुटला, तिथल्याच खालच्या इनपुटातून केबल दुसऱ्या चॅनेलच्या वरच्या इनपुटला. मग दोन्ही व्हॉल्यूम मिसळून तिखटपणा आणि भरीवपणा जुळवता येतो. हेडच्या झाकणाच्या आतल्या बाजूला एक चिठ्ठी चिकटवून ठेवा: शेवटच्या बायसची तारीख, प्लेट व्होल्टेज, चार व्हॉल्व्हचे चार आकडे आणि दोन्ही फ्यूजची रेटिंग.